मित्सुहाचा संकोच

जपानमधील शिंतो देवस्थानांच्या प्रांगणात शुभ्र अंगरखा आणि लाल घेरदार हाकामा परिधान करून वावरणारी जी तरुण देवसेविका, जिला तेथील लोक मिको म्हणतात, ती त्या देशाच्या प्रेमकथांत इतक्या वेळा भेटते, आणि भेटते तेव्हा तिची दृष्टी इतक्या नेमाने खाली झुकलेली असते, की लज्जा हा तिच्या वेषाचाच एक भाग असावा असा वाचकाचा ग्रह होतो. पुष्कळ लेखकांनी या लज्जेचा उपयोग केवळ अलंकारासारखा केलेला आहे. माकोतो शिंकाई यांची ‘किमी नो ना वा’ ही कथा, जी २०१६ च्या जूनमध्ये कादंबरीच्या आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये चित्रपटाच्या रूपाने जपानी जनतेपुढे आली, ती मात्र याला अपवाद आहे. कारण तिची नायिका मित्सुहा मियामिझू का लाजते याचे उत्तर शोधू लागले म्हणजे एका प्राचीन संस्थेचा उत्कर्ष आणि ऱ्हास दोन्ही डोळ्यांपुढे उभे राहतात.

मिकोचा मूळ वारसा लज्जेचा नव्हेच. इ. स. ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’ या ग्रंथात अशी कथा आहे की, सूर्यदेवता अमातेरासू रुष्ट होऊन गुहेत जाऊन बसली आणि सारे जग अंधारात बुडाले, तेव्हा आमे नो उझुमे नावाची देवी एका पालथ्या घातलेल्या पिंपावर चढून, वस्त्रांचे भान टाकून नाचली. जमलेले असंख्य देव तो नाच पाहून खदखदून हसले, आणि हा हास्यकल्लोळ कशाचा हे पाहण्यासाठी सूर्यदेवतेने गुहेचे दार किलकिले केले. देवस्थानांत होणाऱ्या कागुरा नृत्याचा उगम परंपरेने याच नाचात मानला आहे. पुढे कित्येक शतके मिको ही अंगात दैवी संचार होणारी, देवाची वाणी बोलणारी स्त्री होती. काहीजणी तर गावोगाव फिरून मृतांचे निरोप जिवंतांस सांगत. मेइजी काळातील नव्या सरकारने १८७३ साली मनाई हुकूम काढून हा संचाराचा व्यवहार बंद पाडला, आणि मिकोकडे उरले ते नृत्य, प्रांगणाची झाडलोट, ताईत व भविष्याच्या चिठ्ठ्या यांची विक्री. आज नववर्षाच्या गर्दीत मोठी देवस्थाने महाविद्यालयीन मुलींना थोड्या दिवसांपुरते या कामावर नेमतात. ज्या देहातून एके काळी देव बोलत असे, त्याच्याकडे आता लोक नुसते पाहतात. आणि नुसते पाहिले जाण्यात जो संकोच असतो तो बोलणाऱ्याला कधी वाटत नाही.

मित्सुहाचे इतोमोरी हे गाव कल्पित असले, तरी शिंकाईंनी ते गिफू प्रांतातील हिदाच्या डोंगराळ मुलखात, एका वर्तुळाकार सरोवराच्या काठी वसविले आहे. सतरा वर्षांची ही मुलगी आजी हितोहा आणि धाकटी बहीण योत्सुहा यांच्यासह देवस्थानाच्या घरात राहते. आई निवर्तलेली, वडील त्या दुःखानंतर देवाची चाकरी सोडून राजकारणात शिरले आणि गावचे नगराध्यक्ष झाले. निवडणुकीचे भाषण चालू असताना मध्येच थांबून हे गृहस्थ रस्त्याने जाणाऱ्या मुलीला छाती पुढे काढून चालण्याची जाहीर आज्ञा करतात, आणि जमलेला सारा गाव तिच्याकडे वळून पाहतो. मुलीचा संकोच वाढविण्याचा याहून निश्चित उपाय कोणत्या बापाला सुचला असता, हे मला सांगता येणार नाही.

याच मुलीला उत्सवाच्या रात्री, मशालींच्या उजेडात, हाती घुंगरांचा झुबका घेऊन बहिणीसह नृत्य करावे लागते. (हे नृत्य काबुकी रंगभूमीवरील नट नाकामुरा काझुतारो यांनी चित्रपटासाठी बसविले आहे, आणि त्याची गंभीर संथ लय ऐन रंगभूमीला शोभावी अशी आहे.) पण खरी कसोटी नृत्यानंतरची. भाताचा घास तोंडात घालून, चावून, तो एका लाकडी मापट्यात सर्वांदेखत थुंकावयाचा. लाळेतील पाचक द्रव्याने भातातील पिष्टाची साखर होते, हवेतील किण्व तिला आंबविते, आणि त्यापासून देवाला अर्पण करावयाचे मद्य तयार होते. ही रीत शिंकाईंच्या कल्पनेतून निघालेली नसून जपानात फार पुरातन काळी खरोखरच प्रचलित होती. मित्सुहा बाहीआड तोंड लपविते. पण शाळेतले तीन सोबती ते पाहतात आणि हिणवितात. उझुमेच्या नाचावर देव हसले तेव्हा सूर्य बाहेर आला. इतोमोरीत तीन पोरे हसली, आणि ही मुलगी देवस्थानाच्या पायऱ्यांवर उभी राहून, पुढच्या जन्मी आपल्याला टोकियोतला देखणा मुलगा कर, असे रात्रीच्या काळोखाला ओरडून सांगते.

तिला आपल्या कृतीचा अर्थ ठाऊक असता तर हे हसणे तिने कदाचित सोसले असते. परंतु तो अर्थ आजीलाही ठाऊक नाही. दोनशे वर्षांपूर्वी लागलेल्या एका आगीत देवस्थानाचे सारे दप्तर भस्मसात झाले, आणि विधी तेवढे मागे राहिले. आजी नातींना रंगीत रेशमी दोरे विणावयास शिकविते, त्यातील प्रत्येक पेड जपावयास सांगते, पण तो का जपावयाचा याचा दाखला कोठेच उरलेला नाही. मित्सुहाच्या लज्जेचे मूळ माझ्या मते येथे आहे. जे आपण श्रद्धेने करतो त्याची लाज वाटत नाही. जे केवळ वारसाहक्काने गळ्यात पडले त्याचीच वाटते.

पुढची हकीकत ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांना माहीत आहेच. मित्सुहा आणि टोकियोतील ताकी हा विद्यार्थी झोपेतून जागे होताना अधूनमधून एकमेकांच्या शरीरात जागे होऊ लागतात, आणि न भेटताच एकमेकांत गुंततात; मात्र दोघांच्या काळांत तीन वर्षांचे अंतर आहे, हे दोघांनाही उमगत नाही. २०१३ च्या ऑक्टोबरात ती एकटी टोकियोला जाते. गर्दीच्या आगगाडीत ताकी समोर उभा असतो. आपल्याला तो ओळखत नाही हे पाहून तिचा धीर खचतो, आणि उतरता उतरता केसांना बांधलेला स्वतःच्या हातचा दोरा तेवढा ती त्याच्या हाती देते. संकोचाचे इतके खरे चित्रण मी जपानी प्रेमकथांत अन्यत्र पाहिलेले नाही. दुसऱ्या दिवशी, ४ ऑक्टोबरला, बाराशे वर्षांनी येणाऱ्या धूमकेतूचा तुकडा इतोमोरीवर कोसळतो आणि पाचशेहून अधिक माणसे मरतात, मित्सुहाही त्यांतच.

तीन वर्षांनी हे कळल्यावर ताकी डोंगरावरील गुहेत जातो, तेथे अर्पण करून ठेवलेले तिचे मद्य पितो, आणि त्या योगाने अनर्थाच्या दिवशीच्या सकाळी तिच्या देहात परततो. गुहेच्या छतावर पूर्वजांनी धूमकेतूचे चित्र काढून ठेवलेले असते. म्हणजे आगीत जळालेला अर्थ दगडावर शिल्लक होता, आणि ज्या दोन वस्तूंपायी गावात मान खाली घालावी लागली, ते थुंकलेल्या भाताचे मद्य आणि तो विणलेला दोरा, त्यांच्याच आधाराने गावातील माणसे वाचतात. अखेरीस मित्सुहा स्वतःच्या देहात, स्वतःच्या पायांनी वडिलांच्या कचेरीत जाऊन उभी राहते, आणि नगराध्यक्षाच्या हुकुमाने लोकांना सुरक्षित जागी हलविले जाते. तिचा लाजरा स्वभाव नाहीसा झाल्याचे शिंकाईंनी कोठेही दाखविलेले नाही, आणि त्यांचे हे संयमन मला थोर वाटते.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. गाव उद्ध्वस्त झाले, माणसे विखुरली. पण त्या विधीचे, त्या नृत्याचे, आजीच्या विणकामाचे पुढे काय झाले याविषयी चित्रपट मूक राहतो. कित्येक वर्षांनी मित्सुहा आणि ताकी टोकियोत एका जिन्यावर समोरासमोर येतात. तो जिना योत्सुया भागातील सुगा देवस्थानाजवळचा असून चाहते आजही तो पाहावयास जातात. शिंकाईंचा पुढचा चित्रपट, जो भारतीय चाहत्यांनी हजारो सह्यांचा अर्ज केल्यानंतर २०१९ च्या ऑक्टोबरात आपल्याकडील चित्रपटगृहांतही लागला, त्यात मित्सुहा क्षणभर दिसते ती एका दुकानात अंगठी विकणारी शहरी तरुणी म्हणून. प्रेमकथा म्हणून ही कृती संपूर्ण आहे. मिकोची कथा म्हणून ती अपुरी आहे, आणि शिंकाईंसारख्या समर्थ कलावंताने ती पुरी करावयास हवी होती.