काचेचे वस्त्र
साखर कारखान्यातील बॉयलरपासून यंत्रांकडे वाफ नेणाऱ्या नळांच्या झडपांना, दुरुस्तीच्या वेळी सोडता यावे अशा बेताने, दोन पदरी गादीसारखे जे आच्छादन तारेने आवळून बांधलेले असते, त्याचे कापड बहुधा काचेच्या धाग्यांचे असते. पदार्थाचा तंतू जितका बारीक, तितका वाकविताना त्यावर पडणारा ताण अल्प. म्हणूनच केसाच्या दशांश जाडीची काच ताण्याबाण्यात बसते, आणि तंतूंमध्ये कोंडलेली हवा उष्णता अडविते.

१८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात एडवर्ड लिबी यांनी काचतंतू व रेशीम यांचा झगा मांडला होता, पण तो ताठर, घडी न सोसणारा निघाला. कारखानदारीस उपयुक्त तंतूची तजवीज १९३२ नंतर ओवेन्स-इलिनॉय कंपनीत लागली. वितळलेली काच प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या सच्छिद्र पात्रातून वेगाने ओढतात आणि तंतूंना तत्काळ खळ देतात, कारण उघडे काचतंतू परस्परांवर घासून झिजतात. परंतु हीच खळ पुढे, नवे आच्छादन प्रथम तापले म्हणजे, जळून धूर सोडते व कापड तपकिरी पडते. ती आधीच भट्टीत जाळावी, तर कापड दुबळे होते. यास्तव कित्येक कापडांवर व्हर्मिक्युलाइट या खनिजाचा लेप देतात. साध्या काचवस्त्राची मर्यादा सुमारे ५५० अंश सेल्सियस. आम्लाने इतर द्रव्ये काढून उरलेले सिलिकाचे कापड १००० अंशांपर्यंत टिकते.

तथापि या वस्त्राचे खरे मोल मला त्याच्या उष्णतासहनात दिसत नाही. ते त्याच्या तुटण्याच्या रीतीत आहे. त्याच्यापूर्वी या कामी अंमल अॅस्बेस्टॉसचा होता. त्याचा तंतू उभा चिरत जाऊन अधिकाधिक सूक्ष्म होतो आणि फुप्फुसाच्या तळाशी रुततो. अशा नळांवर आच्छादने चढविणाऱ्या कामगारांतील कर्करोगाचा दाखला न्यूयॉर्कच्या डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ यांनी १९६४ साली प्रसिद्ध केला. विणकामाचा काचतंतू आडवा तुटतो, त्याची जाडी कायम राहते, आणि सहा ते नऊ मायक्रॉनचा तुकडा तितका खोल सहसा पोचत नाही. त्वचेस मात्र खाज सुटते, म्हणून कापणाऱ्याने पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे व नाकावर पट्टी वापरावीच. जुन्या कारखान्यांत पूर्वीची अॅस्बेस्टॉसची आच्छादने अद्याप असू शकतात आणि ती नुसत्या नजरेने ओळखू येत नाहीत. तेव्हा नमुना तपासल्यावाचून मुकादमाने ती कोणासही फाडू देऊ नयेत.