अमेरिकेतील शेतमाल किंमत अनुदान

मका, गहू, सोयाबीन, भात, भुईमूग इत्यादी पिकांचे भाव किंवा त्यांपासूनचे उत्पन्न ठरावीक पातळीखाली गेल्यास अमेरिकेचे संघराज्य सरकार शेतकऱ्यांना जी रक्कम देते, तिला शेतमाल किंमत अनुदान म्हणता येईल. योजनेचे नियम वॉशिंग्टनमध्ये ठरतात. मात्र नोंदणी व वाटप काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागाच्या, पातळीवर होते. भारतातील हमीभाव पद्धतीत सरकार शेतमाल खरेदी करते; येथे शेतकरी माल बाजारातच विकतो आणि सरकार फरकाची रक्कम देते.

इतिहास

महामंदीत भाव कोसळल्यावर फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत १९३३ साली कृषी समायोजन कायदा झाला. पेरा कमी करणाऱ्यास पैसे देऊन भाव सावरणे हा त्याचा हेतू होता. दक्षिणेतील कापूस पट्ट्यात करार जमीनमालकाशी होत असे. कुळाचा वाटा त्याच्याच हातून जाई आणि पुष्कळदा तो कुळापर्यंत पोहोचतच नसे. शिवाय पेरा घटल्यामुळे अनेक कुळांना जमिनीवरून हुसकावण्यात आले. यातूनच १९३४ साली आर्कान्सा राज्यात गोऱ्या व कृष्णवर्णीय कुळांची संयुक्त संघटना उभी राहिली, ही त्या काळाच्या मानाने असाधारण घटना होती. १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची मुख्य तरतूद रद्द केली. १९३८ मध्ये नवा कायदा आला.

रक्कम कशी ठरते

२०१४ च्या कायद्यापासून दोन मुख्य पर्याय आहेत. पहिला भावाशी निगडित आहे. देशातील हंगामाचा सरासरी भाव संदर्भ किमतीपेक्षा कमी असल्यास फरक मिळतो. २०१६ च्या मक्याची संदर्भ किंमत बुशेलला (सुमारे २५.४ किलो) ३.७० डॉलर, तर सरासरी भाव ३.३६ डॉलर होता. फरक ३४ सेंट. समजा, एखाद्याकडे मक्याचे १०० ‘आधार एकर’ असून नोंदलेला उतारा एकरी १२० बुशेल आहे. ८५ टक्के क्षेत्रच हिशेबात धरतात, म्हणून ८५ × १२० × ०.३४ = ३,४६८ डॉलर.

आधार एकर ही या व्यवस्थेची गुरुकिल्ली. तो पूर्वीच्या पेरणीवरून जमिनीला चिकटलेला आकडा असतो. मक्याचा आधार असलेल्या शेतात त्या वर्षी सोयाबीन लावले, तरी अनुदान मक्याच्याच भावावर मिळते.

दुसरा पर्याय काउंटीच्या उत्पन्नाशी जोडलेला आहे. मागील पाच वर्षांतील सर्वांत जास्त व सर्वांत कमी आकडे वगळून भाव व उतारा यांची सरासरी काढतात. त्यातून येणाऱ्या एकरी उत्पन्नाच्या ८६ टक्क्यांखाली (२०२५ च्या दुरुस्तीनंतर ९० टक्क्यांखाली) काउंटीचे उत्पन्न गेले, तरच पैसे मिळतात. गारपिटीने एकाचेच शेत झोडपले आणि उरलेली काउंटी बहरली, तर त्या शेतकऱ्याला यातून काहीच मिळत नाही. त्यासाठी वेगळा पीकविमा घ्यावा लागतो. उलट काउंटीचे उत्पन्न घसरले, की ज्याचे पीक उत्तम आले त्यालाही रक्कम मिळते.

टीका

अनुदान आधार एकरांच्या प्रमाणात मिळत असल्याने मोठ्या शेतांकडे मोठा हिस्सा जातो. वार्षिक मर्यादा दीर्घकाळ व्यक्तीमागे १,२५,००० डॉलर होती. २०२५ मध्ये ती १,५५,००० झाली. भागीदारीतील प्रत्येक पात्र सदस्यास ती स्वतंत्रपणे लागू होते. अनुदानामुळे जमिनीचा खंड वाढतो आणि कसणाऱ्याच्या हाती आलेले पैसे अंशतः मालकाकडेच परततात, असाही आक्षेप आहे. पैसे मिळतात तेही पीक काढल्यानंतर सुमारे वर्षभराने, ऑक्टोबरपासून. तोवर बियाणे-खतांची उधारी शेतकऱ्यालाच सांभाळावी लागते.