गणपतीत तोच, आषाढीला तोच, भीमजयंतीलाही तोच: कल्याणचे प्रल्हाद शिंदे

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.

गणपतीच्या दिवसांत कल्याण-डोंबिवलीत फिरताना ‘तूच सुखकर्ता तूच दुःखहर्ता’ कानावर पडतंच. रामदासांची आरती नाही म्हणत मी, ती वेगळी. हे रेकॉर्डवरचं गाणं. आषाढीला ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ लागतं. आणि १४ एप्रिलला त्याच रस्त्यांवर भीमगीतं. या तिन्ही वेळी जो खडा, उंच पट्टीतला आवाज येतो, तो पुष्कळदा एकाच माणसाचा असतो. प्रल्हाद शिंदे. आपल्या कल्याणचे.

त्यांचा जन्म १९३३ चा. आंबेडकरी समाजातला हा गायक घडला तो गायन पार्ट्यांच्या आणि कव्वालीच्या जमान्यात. गायन पार्टी म्हणजे काय? पेटी, ढोलकी, एक मुख्य गायक आणि मागे कोरस. सामना असेल तर एकाच मंचावर दोन पार्ट्या. एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातूनच जवाब द्यायचा. कार्यक्रम रात्रभर, समोर मैदानभर माणसं. तिथं आवाज शेवटच्या माणसापर्यंत जायला हवा आणि शब्द न् शब्द कळायला हवा. शिंद्यांचं गाणं हेडफोनवर नीट ऐका. एकही शब्द गिळलेला सापडणार नाही.

आता एक गोष्ट समजून घेऊ. आपण सरसकट ‘प्रल्हाद शिंदेंचं गाणं’ म्हणतो, पण ही गाणी त्यांनी लिहिलेली नाहीत. ‘पाऊले चालती’ लिहिलं दत्ता पाटील यांनी, ‘तूच सुखकर्ता’ हरेंद्र जाधव यांनी. दोन्हींना चाल मधुकर पाठक यांची. यातले हरेंद्र जाधव भीमगीतांसाठीही ओळखले जातात. म्हणजे बघा, गणपतीचं इतकं लाडकं गाणं लिहिणारा आणि गाणारा, दोघेही आंबेडकरी चळवळीशी जोडलेले.

स्वतः लिहिणारा आणि स्वतः गाणारा कलावंत हवा असेल, तर वामनदादा कर्डकांकडे जावं लागतं. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. अक्षरओळख मोठेपणी, मुंबईत कष्टाची कामं करताना झाली. पुढे त्यांनी हजारो गीतं रचली आणि गावोगाव जाऊन गायली. त्यांची गीतं प्रल्हाद शिंदेंनीही गायली. २००४ साली १५ मे रोजी वामनदादा गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे. चाळीस दिवसांच्या आत दोन्ही आवाज थांबले.

कुणी विचारेल, आंबेडकरी समाजातला माणूस देवाची गाणी कशी गातो? १९५६ च्या धम्मदीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये तर गौरी-गणपतीला देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे. प्रश्न रास्त आहे. माझं मत सांगतो. गाणं हा त्यांचा पेशा होता, त्यावर घर चालत होतं. लोहारानं विळा केला म्हणजे तो शेतकरी होत नाही.

पण मला याच्या उलटा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. तेव्हा प्रल्हाद शिंदे साधारण चौदा वर्षांचे होते. ज्या समाजाला त्या दारात उभं केलं जात नव्हतं, त्याच समाजातल्या गळ्यानं पुढे पंढरीची वाट घराघरात पोचवली. गाणं सगळ्यांनी आपलं मानलं. गाणाऱ्याची माणसं आपली मानली का? याचं उत्तर ज्यानं त्यानं द्यावं.

घराण्याचं पुढे काय झालं, ते तुम्हाला माहीतच आहे. मुलगे आनंद आणि मिलिंद यांनी कॅसेटच्या काळात ‘जवा नवीन पोपट हा’ म्हणत धुमाकूळ घातला. नातू आदर्श शिंदे यांचा आवाज २०१३ च्या ‘दुनियादारी’त ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’मधून तुमच्या पिढीपर्यंत आला. आजोबांसारखंच, एका बाजूला देवाचं गाणं आणि दुसऱ्या बाजूला भीमगीत.

शेवटी थोडं हिशोबाचं. कॅसेटच्या धंद्यात एकदा मानधन घेतलं की विषय संपला, असं अनेक कलावंतांच्या वाट्याला आलं. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांनी हक्क कंपनीला दिले तरी रॉयल्टीतला त्यांचा वाटा टिकतो, अशी तरतूद आली. गायकांच्या रॉयल्टीचीही सोय झाली. पण वाटा मिळायला आधी नाव नोंदलेलं लागतं. आणि आपण रील टाकताना ते नाव सहज उडवून टाकतो.

म्हणून या आठवड्यात एवढंच करा. प्लेलिस्टमधलं एक जुनं गाणं घ्या, ते कुणी लिहिलं आणि चाल कुणी दिली ते शोधा, आणि शेअर करताना तिन्ही नावं टाका. कुठलं गाणं निवडलंत ते मला कळवा. पुढच्या भागात त्यातलंच एक उलगडू. तोवर ऐकत राहा!