रेडिओ प्रेषक, प्रतिकृती विमानांचे व ड्रोनांचे
जमिनीवर उभ्या असलेल्या चालकाच्या बोटांच्या हालचालींचे रेडिओ संदेशांत रूपांतर करून ते उडत्या प्रतिकृतीतील ग्राहीकडे पाठविणारे हे हातात धरावयाचे उपकरण आहे. छंद म्हणून विमाने वा ड्रोन उडविणाऱ्यास प्रतिकृतीशी जोडणारा हा एकमेव दुवा होय. २ किग्रॅ. वजनाची व सेकंदाला २५ मी. वेगाने जाणारी प्रतिकृती हा दुवा तुटल्यास ६२५ जूल ऊर्जा घेऊन कोठेतरी आदळते. चार मजली इमारतीच्या गच्चीवरून पडलेल्या ५ किग्रॅ. दगडाचा आघात साधारण एवढाच असतो. म्हणून प्रेषकाची निवड करताना त्यावरील कळांच्या संख्येपेक्षा, दुवा किती विश्वासार्ह आहे व तो तुटल्यास काय होईल, या गोष्टींचा विचार प्रथम करावा लागतो. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत मात्र हा क्रम बहुधा उलटा असतो.

निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे रेडिओनियंत्रित नौकेचे प्रात्यक्षिक दाखविले. विमानाच्या बाबतीत अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी १९३७ मध्ये उडविलेले ‘गफ’ हे प्रतिकृती विमान प्रसिद्ध असून ते स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहालयात ठेवलेले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदासाठी निरनिराळ्या देशांत स्वतंत्र कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) राखून ठेवण्यात आल्या. २७ मेगॅहर्ट्‌झचा पट्टा अनेक देशांत वापरात होता. पुढे विमानांसाठी अमेरिकेत ७२ व ब्रिटनमध्ये ३५ मेगॅहर्ट्‌झचे पट्टे रूढ झाले. प्रेषकाची कंप्रता त्यात बसविलेल्या क्वॉर्ट्‌झ स्फटिकावरून ठरत असे. एकाच कंप्रतेचे दोन प्रेषक एकाच मैदानावर चालू झाले, तर हवेत असलेले विमान हमखास कोसळे. हे टाळण्यासाठी मंडळांच्या मैदानावर एक फळा असे व त्यावर कंप्रतेचा क्रमांक लिहिलेले कपड्यांचे चिमटे लावलेले असत. ज्याच्याजवळ चिमटा असेल त्यानेच प्रेषक चालू करावयाचा. जुन्या छांदिष्टांच्या शिस्तीचे मूळ या चिमट्यात आहे.

२००५ नंतर २·४ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यातील प्रेषक बाजारात आले आणि ही अडचण जवळजवळ संपली. यांतील बहुतेक प्रेषक एका कंप्रतेवर स्थिर न राहता ठरलेल्या क्रमाने सतत एका कंप्रतेवरून दुसरीवर उड्या मारतात व ग्राहीही त्याच क्रमाने उड्या मारतो. एखादी कंप्रता दुसऱ्याने व्यापलेली असल्यास संदेशाचा एखादाच तुकडा वाया जातो. (हेडी लमार ही अभिनेत्री व जॉर्ज अँथाइल हे संगीतकार यांना १९४२ मध्ये मिळालेले याच तत्त्वाचे पेटंट रेडिओनियंत्रित पाणतीरासाठी होते. त्यात पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८, कंप्रता योजिल्या होत्या.) प्रत्येक प्रेषकाची स्वतंत्र ओळखखूण ग्राहीत एकदा नोंदविली की, तो ग्राही इतर प्रेषकांचे संदेश स्वीकारत नाही. चिमट्यांची गरज त्यामुळे उरली नाही.

या पट्ट्याचे काही तोटेही आहेत. त्याची तरंगलांबी सु. १२·५ सेंमी. असल्याने ओली झाडी, भिंती, मानवी शरीर तसेच विमानाच्या सांगाड्यातील कार्बन तंतू यांमुळे तरंग अडतात. काही प्रेषक याकरिता ९०० मेगॅहर्ट्‌झच्या आसपासच्या, अधिक लांबीच्या तरंगांचा उपयोग करतात. येथे भारतीय खरेदीदाराने सावध राहणे आवश्यक आहे. भारतात २,४०० ते २,४८३·५ मेगॅहर्ट्‌झचा पट्टा ठराविक शक्तिमर्यादेत २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. त्याच वर्षी ८६५ ते ८६७ मेगॅहर्ट्‌झचा पट्टाही मुक्त झाला व पुढे तो ८६८ पर्यंत वाढविण्यात आला. परंतु अमेरिकेत प्रचलित असलेला ९१५ मेगॅहर्ट्‌झचा पट्टा येथे मुक्त नाही. त्याच्या लगतचा भाग मोबाइल दूरध्वनी सेवेसाठी दिलेला आहे. परदेशातून आणलेला असा संच उत्तम चालेलही, पण तो वापरणे बेकायदेशीर ठरते.

प्रेषकाच्या पल्ल्याविषयी फार गैरसमज आढळतात. मोकळ्या जागेत पल्ला दुप्पट करण्यासाठी शक्ती चौपट करावी लागते. शिवाय १·५ मी. पंखविस्ताराचे विमान ५०० मी. अंतरावर चंद्रबिंबाच्या व्यासाच्या एक-तृतीयांशाएवढे दिसते आणि ते आपल्याकडे येत आहे की दूर जात आहे, हे ओळखणे कठीण होते. १०० मिलिवॉट शक्तीच्या साध्या प्रेषकाचा पल्लाही मोकळ्या मैदानात याहून अधिक असतो. नजरेच्या टप्प्यात उडविणाऱ्याने जास्त पल्ल्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. ग्राहीत दोन आकाशक असणे व ते एकमेकांशी काटकोनात बसविणे अधिक उपयोगी ठरते. सरळ तारेच्या आकाशकातून त्याच्या टोकाच्या दिशेने फार थोडे प्रारण होते. त्यामुळे प्रेषकाचा आकाशक विमानावर बंदुकीसारखा रोखणे ही नवशिक्याची नेहमीची चूक होय.

प्रेषक घेणे म्हणजे वस्तुतः ग्राहींचे एक कुटुंब निवडणे होय. फुटाबा, स्पेक्ट्रम, फ्रस्काय, फ्लायस्काय इ. उत्पादकांच्या संदेशपद्धती भिन्न असून एकाचा ग्राही दुसऱ्याच्या प्रेषकास सहसा ओळखत नाही. प्रेषक एकच लागतो, पण सहा प्रतिकृतींना सहा ग्राही लागतात व अखेर खर्च तेथे होतो. अनेक पद्धतींचे संदेश पाठवू शकणारे, तसेच एजटीएक्ससारख्या मुक्त आज्ञावलीवर चालणारे प्रेषक यामुळे लोकप्रिय झाले आहेत. एक्सप्रेसएलआरएस या मुक्त पद्धतीचे ग्राही अनेक कारखाने बनवितात व ते स्वस्त असतात. जवळ मैदान व मंडळ असल्यास तेथील अनुभवी सभासद जी पद्धत वापरतात तीच घेणे शहाणपणाचे. अडचण आल्यास मदत तेथूनच मिळते.

विमान व ड्रोन यांच्या गरजा सारख्या नाहीत. विमानात प्रत्येक हलत्या भागास एक मार्ग लागतो : सुकाणू, उत्थापक, पंखांवरील एलेरॉन व एंजिनाचा वेग मिळून चार, उतरण्याची चाके व झडपा धरल्यास सहा ते आठ. जुन्या पद्धतीत प्रत्येक मार्गासाठी १ ते २ मिलिसेकंद लांबीचा स्पंद सु. २० मिलिसेकंदांनी एकदा पाठविला जाई. शर्यतीचा ड्रोन सेकंदाला ३० मी. वेगाने तेवढ्या अवधीत ६० सेंमी. पुढे जातो, त्यामुळे त्याच्यासाठी सेकंदाला काहीशे संदेश पाठविणारी पद्धत हवी. ड्रोनमधील समतोलाचे काम त्यातील उड्डाण नियंत्रकच करतो. विमानाच्या बाबतीत मात्र दोन मार्गांचे मिश्रण, दांडीची संवेदनशीलता कमी करणे, ही कामे प्रेषकाला करावी लागतात. अनेक प्रतिकृतींच्या नोंदी साठविण्याची सोय सोयीस्कर खरी, पण चुकीची नोंद निवडली गेल्यास सुकाणू उलट्या बाजूस वळते.

दांड्यांच्या मांडणीत दुसरा प्रकार (डावीकडे वेग व सुकाणू, उजवीकडे एलेरॉन व उत्थापक) ड्रोनांसाठी बहुतेक ठिकाणी रूढ आहे. पहिल्या प्रकारात वेग व उत्थापक यांच्या जागांची अदलाबदल असते. एकदा हाताला लागलेली सवय मोडणे अतिशय कठीण असल्याने शिकविणारा वापरतो तोच प्रकार घ्यावा. दांडीची स्थिती मोजण्यासाठी घासून चालणाऱ्या रोधकाऐवजी हॉल परिणामावर आधारलेला चुंबकीय संवेदक असल्यास तो झिजत नाही व जास्त टिकतो. खरेदीपूर्वी प्रेषक हातात धरून पाहणे मात्र कोणत्याही तपशिलापेक्षा महत्त्वाचे. अंगठ्याने दांडी चालविणाऱ्यास व चिमटीत धरणाऱ्यास सोयीची लांबी वेगवेगळी असते.

भारतात ड्रोन नियम, २०२१ अन्वये उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’ या नकाशावर ती जागा हरित क्षेत्रात आहे की नाही, हे पाहावे लागते.

सर्वांत शेवटी पण सर्वांत निगुतीने तपासावयाची बाब म्हणजे संदेश तुटल्यानंतरची स्थिती. काही ग्राही मूळ मांडणीत अखेरची आज्ञा तशीच धरून ठेवतात. चलित्र पूर्ण वेगात असताना दुवा तुटल्यास प्रतिकृती त्याच वेगाने चालकापासून दूर जात राहते. विमानासाठी चलित्र बंद होईल अशी, तर ड्रोनसाठी तो परत फिरेल किंवा चलित्रे थांबतील अशी मांडणी प्रथमच करून ठेवावी. ती पडताळण्यासाठी पंखे काढून व प्रतिकृती बांधून चलित्र मंद गतीने चालू करावे आणि प्रेषक बंद करावा. चलित्र थांबले नाही, तर ती प्रतिकृती मैदानावर नेऊ नये. यानंतर प्रेषकाची शक्ती तपासणीच्या सोयीने कमी करून निर्मात्याने सांगितलेल्या अंतरावरून, बहुधा सु. ३० पावलांवरून, सर्व हलते भाग आज्ञेप्रमाणे चालतात की नाही ते पाहावे. ही तपासणी दर उड्डाणदिवशी पहिल्या उड्डाणापूर्वी करतात.