जुनी वाइन : मुरते ती चव, अल्कोहोल तसेच राहते

वाइन जितकी जुनी तितकी औषधी, असा अनेकांचा समज असतो. धाराशिवला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूज येथे २००७ मध्ये 'फ्रातेली' वायनरी सुरू झाली, ती मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीतील सेक्की या तीन कुटुंबांतील भावांनी. इटालियन भाषेत फ्रातेली म्हणजे भाऊ. या धंद्यात घराण्याची खरी पुंजी म्हणजे धीर. उत्तम लाल वाइन ओकच्या पिंपात महिनोन्‌महिने मुरवली जाते. पिंपातून झिरपणाऱ्या किंचित प्राणवायूमुळे टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तुरटपणा मवाळ होतो. चव पारखणारे घोट तोंडात घोळवतात, वास घेतात आणि थुंकून टाकतात.

मुरल्याने अल्कोहोल मात्र नाहीसे होत नाही. १३ टक्के अल्कोहोल असलेल्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये ते सुमारे १५ ग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्य कर्करोगकारक ठरवले. मद्याची कोणतीही मात्रा पूर्ण सुरक्षित नाही, असे संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. वाइनमधील रेझव्हेरेट्रॉलचे प्रमाण औषध म्हणून उपयोगी पडण्याइतके नसते. यकृताचा विकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी वाइन पूर्ण टाळावी. हृदयासाठी म्हणून कोणीही ती सुरू करू नये. त्यापेक्षा बागेतली ताजी द्राक्षे बरी. मधुमेहींनी तीही बेतानेच खावीत.