फ्रेंच राज्यक्रांतीतील व्यंगचित्रे

फ्रेंच राज्यक्रांतीतील व्यंगचित्रे म्हणजे इ.स. १७८९ ते १७९४ या काळात प्रामुख्याने पॅरिसमध्ये छापली व विकली गेलेली उपहासात्मक मुद्राचित्रे होत. राजा, सरदार, धर्मगुरू आणि पोप हे त्यांचे मुख्य लक्ष्य होते. शतकानुशतके पवित्र व अस्पर्श मानल्या गेलेल्या सत्तांना या चित्रांनी हास्यास्पद ठरवले. पुढे मात्र व्यंगचित्र स्वतःच सत्तेचे साधन बनले आणि विरोधी उपहास करणाऱ्यांना प्राण गमवावे लागले.

पार्श्वभूमी

क्रांतिपूर्व फ्रान्समध्ये समाजाची विभागणी धर्मगुरू, सरदार आणि उर्वरित सर्व प्रजा अशा तीन वर्गांत झालेली होती. पहिल्या दोन वर्गांना करांतून मोठ्या सवलती होत्या. करांचा मुख्य बोजा तिसऱ्या वर्गावर पडे. छपाईवर राजसत्तेचे नियंत्रण होते. इ.स. १७८९च्या उन्हाळ्यात हे नियंत्रण ढिले पडले. २६ ऑगस्ट १७८९ रोजी स्वीकारलेल्या मानवी व नागरी हक्कांच्या जाहीरनाम्यातील अकराव्या कलमाने कायद्याच्या मर्यादेत विचार व मुद्रण यांचे स्वातंत्र्य मान्य केले.

निर्मिती व प्रसार

ही चित्रे बहुधा अम्लरेखन पद्धतीने तयार होत. ताम्रपटावर मेणाचा लेप देऊन त्यावर सुईने रेखाटन करीत. नंतर आम्लामुळे उघड्या रेषा कोरल्या जात. हे काम हाताने कोरण्यापेक्षा जलद होत असल्याने ताज्या घटनेवरील चित्र लवकर बाजारात आणता येई. अनेक प्रती हाताने रंगवल्या जात. बहुतेक चित्रांवर चित्रकाराचे नाव नसे. पॅरिसमधील सँ-झाक रस्ता आणि पाले-रॉयाल ही विक्रीची प्रमुख ठिकाणे होती. दुकानांच्या दर्शनी भागात लावलेली चित्रे वाचता न येणाऱ्या लोकांपर्यंतही पोहोचत.

तीन वर्गांचे चित्रण

इ.स. १७८९मधील एका प्रसिद्ध चित्रात कुदळीवर रेललेला वृद्ध शेतकरी धर्मगुरू व सरदार या दोघांना पाठीवर वाहताना दिसतो. त्याच्या पायांशी ससे व पक्षी पीक खात आहेत. शिकारीचा हक्क सरदारांकडे असल्यामुळे शेतकऱ्याला या प्राण्यांना मारता येत नसे. करव्यवस्थेसारखा गुंतागुंतीचा विषय या चित्राने वाकलेल्या पाठीच्या रूपात मांडला. ४ ऑगस्ट १७८९च्या रात्री राष्ट्रीय सभेने सरंजामी विशेषाधिकार रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षीच्या एका जोडचित्रात शेतकरी सरदाराच्या पाठीवर बसलेला आहे. ‘तिसऱ्या वर्गाची जागृती’ या चित्रात साखळ्या झुगारून उठणाऱ्या माणसाकडे पाहून सरदार व धर्मगुरू भयचकित झाले आहेत. पार्श्वभूमीला बास्तीय किल्ला पाडला जात आहे.

धर्मसंस्थेवरील उपहास

२ नोव्हेंबर १७८९ रोजी चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन करण्यात आली. त्यानंतरच्या काही चित्रांत लठ्ठ धर्मगुरू एका दाबयंत्रात घातले जातात आणि कृश होऊन बाहेर पडतात. येथे लठ्ठपणा हे चर्चच्या संपत्तीचे प्रतीक आहे. जुलै १७९०मध्ये धर्मगुरूंना राज्याचे वेतनधारी सेवक बनवणारा कायदा संमत झाला. पोप सहावा पायस याने इ.स. १७९१मध्ये त्याचा निषेध केला. तेव्हा पाले-रॉयालमध्ये पोपचा पुतळा जाळण्यात आला व त्या प्रसंगाची चित्रेही निघाली. पोपचे आज्ञापत्र शौचानंतर पुसण्याचा कागद म्हणून वापरल्याचे दाखवण्यापर्यंत चित्रकारांची मजल गेली.

राजाचे चित्रण

आरंभी सोळाव्या लुईवर थेट उपहास क्वचितच होई. त्याच्याकडे प्रजेचा हितकर्ता म्हणून पाहिले जात असे. जून १७९१मध्ये तो सहकुटुंब पळून जात असताना व्हारेन येथे पकडला गेला आणि ही प्रतिमा कोसळली. त्यानंतर राजा डुकराच्या रूपात, तर राजकुटुंब खुराड्यात परत आणलेल्या डुकरांच्या रूपात दाखवले जाऊ लागले. राजाची खादाडपणाबद्दलची ख्याती या प्रतिमेला पूरक ठरली. २१ जानेवारी १७९३ रोजी त्याचा शिरच्छेद झाल्यावर कापलेले मस्तक दाखवून इतर राजांना इशारा देणारे मुद्राचित्रही प्रसिद्ध झाले.

व्यंगचित्र आणि सत्ता

क्रांतीच्या विरोधकांनीही या माध्यमाचा वापर केला. राजनिष्ठ पत्रकार झाक-मारी ब्वाये-ब्रँ याने इ.स. १७९२मध्ये व्यंगचित्रांच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. व्यंगचित्र हे लोकमताचा पारा दाखवणारे तापमापक होय, असे त्याचे मत होते. इ.स. १७९४मध्ये त्याला गिलोटिनखाली मृत्युदंड देण्यात आला. याच काळात सार्वजनिक सुरक्षा समितीने चित्रकार झाक-लुई दाव्हीद याच्याकडून इंग्लंडची खिल्ली उडवणारी व्यंगचित्रे काढून घेतली. अशा प्रकारे मुद्रणस्वातंत्र्याच्या आश्रयाने वाढलेला उपहास पाच वर्षांच्या आत शासनाच्या प्रचारकार्यात सामील झाला.

प्रभाव

इ.स. १८३०च्या क्रांतीनंतर शार्ल फिलिपाँ व ओनोरे दोमिए यांनी शिलामुद्रणाच्या साहाय्याने ही परंपरा पुढे नेली. राजा लुई-फिलिपला प्रजेची संपत्ती गिळणाऱ्या राक्षसाच्या रूपात रेखाटल्याबद्दल दोमिएला इ.स. १८३२मध्ये तुरुंगवास भोगावा लागला. सप्टेंबर १८३५च्या कायद्यांनी व्यंगचित्रांवर पूर्वपरवानगीची अट लादली. त्यानंतरही निर्बंध कधी शिथिल तर कधी कडक होत राहिले. २९ जुलै १८८१च्या मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्याने अखेर चित्रांवरील पूर्वनियंत्रण संपुष्टात आले. क्रांतिकाळातील या मुद्राचित्रांचा मोठा संग्रह पॅरिस येथील फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेला आहे.