घरच्या शाळेत गणित कोणतं?

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या पालकांचं भाषा, इतिहास, विज्ञान यांचं काही ना काही जमून जातं. पुस्तकं, किल्ले, स्वयंपाकघर, परसबाग, सगळीकडून शिक्षण होत राहतं. गाडी अडते ती गणितापाशी. इथे मागचं कच्चं राहिलं की पुढचं उभं राहत नाही. अपूर्णांक डळमळीत असतील, तर बीजगणितात मूल हमखास ठेचकाळतं. म्हणून ‘गणिताला काय वापरता?’ हा प्रश्न अशा पालकांच्या गप्पांत ठरलेलाच.

उत्तरंही ठरलेली असतात: बालभारती, एनसीईआरटी, सिंगापूर मॅथ्स किंवा अमेरिकेतलं सॅक्सन. पहिल्या दोन्हींची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, उरलेल्या दोन्हींना चांगलाच खर्च येतो. पण किमतीच्याही आधी पाहायला हवी अशी गोष्ट आहे. शाळेसाठी लिहिलेलं पुस्तक वर्गात शिक्षक आहे असं धरून चालतं. पानावर एक चित्र, दोन सोडवलेली उदाहरणं आणि खाली सरावसंच. मधलं सगळं शिक्षकाने फळ्यावर भरून काढायचं. घरी ते कोण भरणार? तेव्हा पुस्तक निवडताना मुलाइतकाच शिकवणाऱ्या आई-बाबांचाही विचार करायला हवा.

एक पान उघडून बघा

पारखायला दोन अंकी वजाबाकीचं पान पुरतं. ५२ वजा २७. ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून पाचाकडून एक उसना घेतला’ हे आपल्या पिढीला पाठ आहे. पण घेतला एक आणि झाले दहा, हे कसं, ते किती जणांना सांगता येईल? दिल्लीच्या ‘जोडो ज्ञान’ या संस्थेने रुजवलेली गणितमाळ इथे कामी येते. शंभर मणी, दर दहा मण्यांनी रंग बदललेला. मूल ५२व्या मण्यावर बोट ठेवतं, वीस मागे येतं, ३२. आणखी दोन मागे, ३०. उरलेले पाच मागे, २५. उसनं न घेता उत्तर आलं आणि दहाचे गट डोळ्यांना दिसलेही. तुमच्या पुस्तकात असा रस्ता असेल तर उत्तम. नुसती रीत असेल, तर घरी दोऱ्यात मणी ओवून माळ करा आणि मग ते पुस्तक खुशाल वापरा.

सिंगापूरच्या पुस्तकांचं बलस्थान पट्ट्यांच्या आकृत्यांत आहे. तिथल्या शिक्षण मंत्रालयाने १९८०च्या दशकात ही पद्धत बसवली. ‘दादाकडे ताईपेक्षा १२ बोरं जास्त, दोघांची मिळून ४८, ताईकडे किती?’ एकाखाली एक दोन पट्ट्या काढायच्या, दादाची थोडी लांब. तो जास्तीचा १२चा तुकडा झाकला की उरतात ३६, म्हणजे दोन सारख्या पट्ट्या. ताईची १८ बोरं, दादाची ३०. चौथीतलं मूल क्षचं नाव न घेता समीकरण सोडवून मोकळं होतं.

सॅक्सनचा बाज वेगळा. रोज एक छोटी पायरी आणि सोबत आधीच्या सगळ्या धड्यांचा मिसळलेला सराव. स्वतः गणिताला बिचकणाऱ्या पालकाला हा मोठा आधार वाटतो. चटकन पुढे जाणारं मूल मात्र कंटाळतं. शिवाय इंच, गॅलन आणि सेंट आपल्याला बदलून घ्यावे लागतात.

एनसीईआरटीचं २०२४ साली आलेलं सहावीचं ‘गणित प्रकाश’ आकृतिबंधांपासून सुरू होतं. १ + ३ + ५ + ७ = १६, विषम संख्या ओळीने मिळवत गेलं की वर्गसंख्या का येते, हे ठिपके मांडून दिसतं. पण ‘असं का होत असेल?’ असे मोकळे प्रश्न पानोपानी आहेत. पालकाला शेजारी बसून डोकं चालवायची हौस असेल, तरच या पुस्तकाचं चीज होतं.

मराठी घरांत आणखी एक अडचण येते. आपण म्हणतो सत्तावीस, म्हणजे आधी सात. लिहितो मात्र आधी दोन. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं वाचन आलं आणि गदारोळ उठला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्याची बाजू मांडली होती. घरी हा वाद नाही. मूल अडखळेल तितके दिवस दोन्ही म्हणावं.

परीक्षेचा हिशेब

अकरा-बारा वर्षांपर्यंत परीक्षा डोक्यातून काढून टाकलेली बरी. त्यानंतर मात्र दहावी कुठून द्यायची हे ठरवून पुस्तक जुळवून घ्यावं. राज्य मंडळाला १७ नंबरचा फॉर्म भरणाऱ्याला बीजगणित आणि भूमिती असे ४०-४० गुणांचे दोन पेपर असतात. तेव्हा प्रमेयांच्या सिद्धता आणि रचना हातात बसल्या पाहिजेत, आणि त्या सिंगापूरच्या प्राथमिक पुस्तकांत नाहीत. केंब्रिजच्या आयजीसीएसईत कोअर आणि एक्स्टेंडेड असे दोन स्तर असून २०२५पासून एक पेपर कॅल्क्युलेटरशिवाय द्यावा लागतो. पाढे आणि तोंडी हिशेब तिथेही सुटत नाहीत.

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसू देते आणि तिथे गणित न घेताही पास होता येतं. ही सोय चांगली आहे, पण तिच्या भरवशावर दहा वर्षांच्या मुलाचं गणित सैल सोडू नये. गणित ठेवायचं की सोडायचं, हे चौदाव्या वर्षी मुलाने ठरवावं, आणि ते धास्तीने नव्हे तर आवडी-नावडीने ठरवता येईल इतकी त्याची तयारी तोवर झालेली असावी. त्यासाठी एकच पुस्तक धरून ठेवा आणि जिथे ते ‘का’ सांगत नाही, तिथे बाकीच्या पुस्तकांची पानं उघडा.